बिनफोडणीचं वरण

लतिकानं दोन पानं एकदम उलटली.

हौसाबाईंना ती दिसली नाहीत, ऐकू आली. एका पानाचा आवाज वेगळा, दोन पानांचा वेगळा. पन्नास वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला कापडाची एक घडी उलगडली की दोन, हे डोळे मिटून कळतं. आणि ही सून, अर्ध्या कंपनीला कॉम्प्युटरवरून नाचवणारी, सासूला वाचून दाखवताना पानं चोरते! आजचीच गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण बुधवारपासून हेच चाललं होतं. मध्येच थांबायचं, घसा साफ करायचा, आणि गोष्ट एकदम पलीकडच्या गल्लीत जाऊन उभी. हौसाबाईंच्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं, ते डॉक्टरनं शिवलं. गोष्टीला ही रोज नवी भोकं पाडत होती.

डॉक्टरनं डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो वर चढून भोकावर दाबून बसावा म्हणून तोंड खाली. चौदा दिवस. जेवताना खाली, निजताना खाली, दिवसभर ह्या भाड्यानं आणलेल्या खुर्चीवर छाती टेकून आणि तोंड गादीच्या एका कड्यात घालून खाली. आज अकरावा दिवस होता. मनगटावर हॉस्पिटलनं हिरवा पट्टा बांधला होता. बुडबुडा विरेपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही, ठेवला तर तो वर हवेत फुगेल आणि डोळा कायमचा जाईल, असं त्या पट्ट्यावर लिहिलंय म्हणे. दोन महिने तरी.

"मालक गेल्यापासनं मनगटाला हिरवं लागलं नव्हतं," त्या नर्सला म्हणाल्या होत्या, "ते तू चढवलंस बाई." नर्सला काही कळलं नाही. ती हसली.

तर आता अमेरिकेतल्या शुगर लँडचं हे चार बेडरूमचं घर हौसाबाईंना ताटाएवढं उरलं होतं. कड्यातून दिसणारी लाकडी जमीन, तिच्यातल्या तीन फटी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. बाहेर जुलैचं ऊन उकळत होतं, आत मशीन सतत थंड वारा सोडत होतं. विट्याच्या त्यांच्या घराला दोन दारं होती आणि दोन्ही सताड उघडी असत. इथलं दार उघडलं तरी कुठे जायचं?

पुस्तक लतिकानंच लायब्ररीतून आणलं होतं. तुर्कस्तानातल्या लेखकाची खुनाची कादंबरी, इंग्रजीत आलेली. दुपारी एक ते दोन जेवणाच्या सुट्टीत ती शेजारी बसायची आणि इंग्रजी बघून मराठीत सांगायची. इस्तंबूल नावाच्या गावात एक कुलपं दुरुस्त करणारा. दिवसा शर्ट-पॅंट घालून दुकानात बसायचा. दिवेलागणीला तोच माणूस दाढी घोटून, विग चढवून, झगा घालून बाहेर पडायचा, आणि मग त्याचं नाव नेव्हिन. पोलीस ज्या खुनांकडे ढुंकून बघत नाहीत ते ही नेव्हिन उकलायची. कुठलंही कुलूप हेअरपिनेनं उघडायची आणि उंच टाचा हातात घेऊन कौलांवरून पळायची.

पहिले चार दिवस हौसाबाई इतक्या हसल्या की लतिकाला म्हणावं लागलं, "आई, मान हलवू नका."

"अगं, ही तर आपली सखू! फकस्त कुलपाचं दुकान न्हाय."

सखू म्हणजे रेशनकार्डावरचा सखाराम. लहानपणीच घरच्यांनी यल्लम्माला सोडलेला जोगता. साडी, हिरव्या बांगड्या, कमरेपर्यंत केस. विट्यात तिच्या अंगाला माप लावायला एकही शिंपी तयार नव्हता. तरण्या हौसाबाईंनी टेप काढला, खांदे मोजले आणि म्हणाल्या, "कापड जास्त लागंल, शिलाई तेवढीच घीन." त्यानंतर सखू पुढच्या खोलीत राहायला आली ती पंचेचाळीस वर्षं तिथेच राहिली. हौसाबाईंचा मुलगा संजीव तिच्याच कडेवर वाढला. हौसाबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा किल्ल्यांचा जुडगा सखूच्या कमरेला होता.

आणि बुधवारपासून नेव्हिननं विग घातला नव्हता.

"दोन पानं गेली," हौसाबाई म्हणाल्या.

"नाही हो आई, एकच."

"विग काय धोब्याकडं टाकलाय व्हय त्यानं? पाच दिवस झालं, नुसता दुकानात बसून चहा पितोय. असला पोलीसपणा असतो का?"

लतिका हसली. हसू अर्ध्यावरच तुटलं.

"मधलं बोअरिंग होतं. नुसती वर्णनं."

"मला वर्णनं लागतात. झग्याला झालर होती का न्हाय, हे मला कळाय पायजे." हौसाबाईंनी कड्यातल्या कड्यात मान थोडी वळवली. शेजारी लतिकाचे दोन पाय होते, नखांवर फिकट गुलाबी रंग. "संजू काय बोलला का तुला? आईला असलं काय वाचून दाखवती म्हणून?"

"हो. तसं थोडंसं."

पायाची बोटं आत वळली. एकदम, गोगलगायीला काडी लावल्यासारखी.

गिऱ्हाईक मापात खोटं बोलतं तेव्हा पोट आत ओढतं. हौसाबाईंनी कधी कुणाला तोंडावर सांगितलं नाही, फक्त टेप धरून उभ्या राहायच्या. श्वास कुणाला किती वेळ धरता येतो?

"संज्या बोलला," त्या सावकाश म्हणाल्या. "सखूच्या पदराला नाक पुसून मोठा झालेला संज्या. बरं. मग मागं जा आन गाळलंस तिथनं वाच."

"आई, दोनला मीटिंग आहे माझी."

"तुझा मायक्रोवेव्ह आत्ता किंचाळला. एक वाजून अजून पाव घंटाबी न्हाय झाला. वाच."

पानं उलटली. ह्या वेळी एकेक, मोजता येतील अशी. लतिकानं वाचायला सुरुवात केली तेव्हा आवाज मीटिंगमधला होता, सरळ आणि कोरडा.

नेव्हिनची मैत्रीण फेराह, लग्नांत गाणारी, तीही नेव्हिनसारखीच, तिच्या खोलीत मेलेली सापडली होती. पोलिसांनी कागद रंगवून फाईल मिटली. गावाकडून भाऊ आले. वीस वर्षं ज्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं ते काळा सूट घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभे राहिले. आतल्या खोलीला कुलूप होतं. नेव्हिन मागच्या बाजूनं आली. हातात पिशवी होती. पिशवीत फेराहचा लाल झगा होता, आणि कंगवा.

"'कुलूप साधंच होतं,'" लतिका वाचत होती. "'आयुष्यातलं सगळ्यात सोपं कुलूप, आणि त्याला मला तीन पिना लागल्या. आत ती... आत ती एकटी...'"

पानाचा कोपरा चुरगळल्याचा आवाज आला.

हौसाबाईंना जमिनीवर, डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारी, एक थेंब पडलेला दिसला. मग दुसरा. लाकडावर थेंब पसरत नाही, डोळ्यासारखा वर बघत बसतो.

तुर्कस्तानातल्या कागदावरच्या बाईसाठी कुणी असं रडत नाही. निदान लतिका तरी नाही. बापाच्या दहाव्याला पुण्याला जाताना विमानतळावर लॅपटॉप उघडून बसलेली ही बाई.

मशीनचा वारा सुरू होता. हौसाबाईंनी हिरवा पट्टा दुसऱ्या हाताच्या बोटांनी फिरवला, बांगडी फिरवतात तसा. एक फेरा. दुसरा.

बुधवारच्या आधी मंगळवार होता.

मंगळवारी भर दुपारी संजीव ऑफिसातून घरी आला होता. पायांत ऑफिसचे रोजचे काळे मोजे नव्हते. अनवाणी, ओले पाय घेऊन, केसांतलं पाणी जमिनीवर ठिबकवत तो ह्या कड्याखाली किती तरी वेळ उभा होता आणि शेवटी म्हणाला होता, "आई, थेंब घातले का?" दुपारी दोनला डोक्यावरून अंघोळ कोण करतं? त्यांनी विचारलं होतं, "गरम झालं काय रं?" तो हो म्हणाला. घर बर्फासारखं गार होतं.

आणि त्या दिवशी जेवायला नुसतं पिवळं वरण होतं. हौसाबाईंनी चमचा खाली ठेवला होता. "आजाऱ्याच्या जिभेनं काय पाप केलंय? चार मोहऱ्या टाकाय काय झालं?" लतिका म्हणाली होती, "विसरले." किचनमधून संजीवचा आवाज आला होता, फार हलका: "आज नको म्हणालो होतो मी."

"लतिका," हौसाबाई म्हणाल्या, "मंगळवारी वरणाला फोडणी का नव्हती?"

पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"आई..."

"माझ्या घरात फोडणी कवा बंद असती, हे मी तुला लग्नाच्या वर्षी शिकवलं. पहिल्यांदा सांगितलं तवा तू हसली हुतीस. कोण गेलं?"

लतिका खुर्चीवरून उतरून खाली बसली. आता तिचे गुडघे दिसू लागले, मग हात. हात गुडघ्यांवर होते आणि एकमेकांना सोडत नव्हते.

"सखूमावशी झोपेतच गेली. सोमवारी रात्री. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं..." ती अडखळली. "संजीव म्हणाला, आईला आत्ता सांगितलं तर ती पट्टा तोडून विमानात बसेल. डॉक्टरला विचारलं आम्ही. तो म्हणाला, शंभर टक्के डोळा जाईल. बुडबुडा विरला की सांगायचं ठरलं होतं. खरंच सांगणार होतो, आई. मी रोज वाचायला बसायचे आणि त्याच्या साडीचं, म्हणजे झग्याचं आलं की... मला नाही जमत हो खोटं."

"दिसलं."

हौसाबाई रडल्या नाहीत. रडलं की डोळा चोळावासा वाटतो, आणि चोळायची मनाई होती. त्यांनी फटी मोजल्या. तीन होत्या, तीनच निघाल्या. संजीवनं फोडणी बंद केली. नात्याचं कुणी गेल्यासारखी अंघोळ केली, आणि आईसमोर उभं राहून थेंबांचं विचारलं. पोरगं चांगलं निपजलं म्हणावं, की भित्रं?

"पोचवलं कुणी?"

"भाऊ आला होता. गावाकडून."

"कुठला भाऊ? तो गावाकडला? पंचेचाळीस वर्षांत एक दिवाळी केली न्हाय त्यानं तिची."

"रेशनकार्डावर त्याचंच नाव होतं. गल्लीतल्यांनी त्यालाच फोन केला."

"नेसवलं काय?"

लतिकाचे हात एकमेकांत आणखी घट्ट झाले.

"लतिका, तिला नेसवलं काय?"

"धोतर," ती म्हणाली. "पांढरा सदरा. आणि केस... केस कापले म्हणे त्यानं. संजीवला शेजारच्यांनी व्हिडिओ पाठवला होता. त्यानं मला बघू दिला नाही. पण मी बघितला."

लांब कुठेतरी गॅरेजचं दार घरघरत उघडलं आणि बंद झालं. शेजाऱ्यांचं असावं. लतिकाच्या फोनवर मीटिंगची टिंगटिंग वाजली. तिनं तो उचलला नाही, पालथा ठेवला.

"विट्याला माझ्या खोलीत लोखंडी ट्रंक हाय," हौसाबाई म्हणाल्या. आवाज खाली जमिनीवर आपटून वर येत होता, म्हणून तो दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "तिच्यात सगळ्यात वर हिरवं इरकल हाय. घडी न मोडलेलं. त्यावर ब्लाउज. दोन वर्षांमागं शिवून घेतला तिनं माझ्याकडनं, खांद्याला जास्त कापड घालून. म्हणाली, हौसे, माझं कोण येईल आन मला बाप्या करून पाठवंल. तू हायेस तवर येऊ देऊ नको. मी म्हणलं, मी हाय की." त्यांनी पट्टा मनगटावर ओढून सरळ केला. "आन ती मशीनवर बसून हसत हुती. म्हणली, तू जर आधी गेलीस तर?"

लतिका हुंदका आवरायचा प्रयत्न करत होती आणि तो आवरत नव्हता.

"आई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मी फक्त तुमचा डोळा..."

"व्हय."

हौसाबाईंनी एक हात खुर्चीच्या कठड्यावरून खाली सोडला. तो हवेत चाचपडत राहिला, मग लतिकाच्या डोक्यावर पडला. प्रेमानं ठेवला की जागच्या जागी बसवायला, ते लतिकाला कळलं नाही. तो जड होता आणि हिरवा पट्टा तिच्या कपाळाला टोचत होता.

"विमानानं डोळा जातो, हे डॉक्टर बोलला. शिकलेला माणूस हाय, खरं असंल. पण फोननं काय जाणार हुतं, लतिका? एक फोन. 'ट्रंक उघडा, हिरवं काढा.' तोंड खाली घालून बोलता आलं असतं मला. तू माझा डोळा राखलास आन माझा शब्द घालवलास. संज्याला मी संध्याकाळी बघीन. तू पुस्तक उघड. नेव्हिननं तिला काय नेसवलं, ते वाच."