गाठ जिथे बसते

डॉक्टर शामकांतांनी पोटावर ओढलेली जांभळी रेघ मनकर्णाने अंगठ्याला थुंकी लावून खसाखसा पुसली आणि ती खाटेवर उठून बसली.

“अहो बाई, काय करताय! उद्या ऑपरेशन आहे.”

“हितं कापायचं न्हाई.”

कॅन्सरपायी गेल्या साली तिचा डावा स्तन काढला होता. आता पोटाची कातडी चरबीसकट टप्प्याटप्प्याने वर नेऊन तिथे नवा उभार करायचा, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. तिला तो हवाही होता. चोळी एका बाजूने रिकामी लोंबते याची तिला चीड यायची. पण पोटही तिचंच होतं, आणि घोडेगावला परतल्यावर त्याच पोटाच्या बळावर विहिरीचं पाणी ओढायचं होतं.

वॉर्डात पार दाराजवळ केशरबाईची खाट होती. तिचंही हेच ऑपरेशन, हीच रेघ. छातीचं काम नीट चाललं होतं, पोटाची जखम मात्र तिसऱ्यांदा उसवली होती. रोज सकाळी डॉक्टर तिला सगळ्यांदेखत झापायचे. काहीतरी उचललं असणार, तुम्हा बायकांना आराम म्हणून करता येत नाही. केशरबाई मान खाली घालून ऐकायची, आणि इकडे मनकर्णाचं डोकं तडकायचं.

“मग कुठे कापू? आता तुम्हीच शिकवा मला.”

ती खाटेवरून उतरली. तपासणीसाठी सैल सोडलेलं नऊवारी लुगडं तिने ओढलं आणि बेंबीखाली करकचून गाठ मारली.

“बगा हात लावून. रेघ हुती तितंच बसली का न्हाई? दिसभर काचती, केशरबाईची जखम हिच्यापायीच उसवती. तुमी यायच्या आदी सिस्टर लुगडं सोडून आमाला उतानं निजवत्यात. तुमाला गाठ दिसंल कशी?”

डॉक्टरांनी गाठीखाली बोटं ठेवून अंतर मोजलं. शेजारी उभ्या सिस्टर सरोजिनींनी नजर खिडकीकडे फिरवली.

“चार बोटं खालून घेता येईल,” ते शेवटी म्हणाले. “झोपा. नवी रेघ मारतो.”

“निजते. आदी केशरबाईला सांगा, तिची चूक न्हवती.”

“ते नंतर बघू.”

“आत्ता. त्याबिगर म्या निजत न्हाई.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते दाराकडे निघाले. त्यांना येताना पाहून केशरबाई पदर सावरत घाईघाईने उठून बसली.

“न्हाई डाक्टर, देवाशप्पत, आज म्या पान्याचा तांब्याबी उचलला न्हाई.”