शिवलेलं लुगडं

सत्यभामानं खोक्यातलं लुगडं काढून झटकलं, तर त्याला दोन पाय निघाले.

तिनं ते वर धरून पाहिलं. हिरवंगार चकचकीत कापड, सोनेरी काठ, कमरेला रबर, मागे शिवून टाकलेला कासोटा आणि पुढे इस्त्री मारून टाचलेल्या निऱ्या. पायजम्यात घालतात तसे पाय घालायचे आणि वर ओढायचं, की बाई नऊवारी नेसून तयार. शाळेच्या गॅदरिंगला पोरी असली घालून नाचतात. इथे भिंतीकडेला तिची माय बायनाबाई आंघोळ घालून ठेवलेली होती. अंगावर नुसती पांढरी चादर होती, आणि तिच्यासाठी मायच्या नवऱ्यानं परळीच्या दुकानातून हे आणलं होतं.

"काकू, ह्ये बगा."

कौशल्याकाकूनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गावात कुणी बाई गेली की तिला न्हाऊ घालण्यापासून नेसवण्यापर्यंत सगळं काकूच्याच हातचं. आजवर तिनं चांगल्या चांगल्यांची मढी नेसवली होती, पण रबरवालं लुगडं तिच्याही पाहण्यात पहिल्यांदाच येत होतं.

"अगं माय! मढ्याला शिवलेलं चालत न्हाई. कोरं पायजे, अखंड पायजे."

"मंग फेकून देऊ?"

"फेकून काय नेसवतीस? उसव. बघू काही जमतंय का."

सत्यभामानं कोनाड्यातलं ब्लेड घेतलं आणि दाराकडे पाठ करून टाके तोडायला बसली. कापड हातातून सारखं निसटत होतं. त्याला नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा वास होता, आणि त्यात उदबत्तीचा आणि उन्हाचा वास मिसळला होता.

बाहेर मांडवाच्या सावलीत बायका बोलत होत्या. "भाग्याची बाई. अहेव गेली." "नवऱ्याच्या हातचं कुंकू घिऊन चालली, आजून काय पायजे?" प्रत्येक नवी बाई आली की हेच. नवरा जिवंत असताना मेली म्हणून भाग्याची! तो नवरा तीस वर्षांखाली दोन लेकरं पदरात टाकून परळीला गेला, तिथं छबुबाई नावाच्या बाईबरोबर राहिला, आणि मागे वळून कुणी जेवलं का उपाशी आहे हे पाहिलं नाही, यातलं एक अक्षर कुणी काढत नव्हतं. मयताच्या दारात सगळे गोड बोलतात हे खरं, पण गोडालाही काही सुमार असतो.

मायनं कुंकू कधी पुसलं नव्हतं. त्याच्यासाठी नव्हे. "दोन लेकरं घिऊन एकटी ऱ्हाते मी," ती म्हणायची. "कपाळ मोकळं दिसलं तर गावातली कुत्री दारात येतेत." बाहेरच्या बायकांनी त्या कुंकवाचं पार सोनं करून टाकलं होतं.

सकाळी सत्यभामा भावावर तुटून पडली होती. उत्तरेश्वर तिच्याहून लहान, मायजवळ राहायचा.

"कावून बोलावलं त्याला?"

"बापाबिगर कसं करावं, अक्का? हिरवं कोन आननार? गाव काय म्हणंल?"

"मी आणते चौसाळ्याहून. वीस मिनिटाचा रस्ता हाय."

"लेकीचं लुगडं मायच्या मढ्यावर चालत न्हाई म्हनतेत."

खरंच चालत नव्हतं. लुगडं माहेरचं लागतं, नाहीतर नवऱ्याचं. मायच्या माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं. उरला तो एवढा एकच माणूस. आणि मायनं दुखण्यात, अगदी शुद्धीवर असताना, सत्यभामाचा हात धरून सांगितलं होतं, "मी मेल्यावर तो येईल कापड घिऊन. मिरवायला. त्याच्या हातचं चिंधूकबी माझ्या अंगावर पडू देऊ नको." सत्यभामानं हो म्हटलं होतं. आणि आता ती त्याच्याच हातचं कापड मायला बसावं म्हणून उसवत होती. तिला स्वतःच्या बोटांचीही किळस आली.

दारात सावली पडली. धोंडीराम उभा होता. पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर नवा गमजा. मिशीला काळा रंग लावलेला होता, आणि घामानं तो रंग ओठावर उतरला होता. बायको मेल्याचा निरोप आल्यावर या माणसानं आधी मिशा रंगवल्या होत्या.

"झालं का? बसंना का काय?"

"ह्ये शिवलेलं हाय," कौशल्याकाकू म्हणाली. "रेडिमेड कावून आणलं, धोंडीराम?"

"दुकानदारानं इचारलं, रेडिमेड देऊ का? म्या म्हणलं दे. मला वाटलं फॉल-पिको केलेलं आसंल." मग तो उसवलेल्या ढिगाकडे पाहून म्हणाला, "आन ह्ये तर फाडलं की तुमी! आता त्यो वापस बी घ्यायचा न्हाई."

सत्यभामानं मान वर केली नाही. केली असती तर हातात ब्लेड होतं. दोन बायकांबरोबर जन्म काढलेल्या या माणसाला लुगडं कसलं असतं हे ठाऊक नव्हतं. काकूनं त्याला हातानंच बाहेर जायची खूण केली.

शेवटचा टाका तुटला तेव्हा कळलं की उसवून उपयोग नव्हता. शिंप्यानं कापड आधी कापलं होतं, मग शिवलं होतं. पायांचे दोन तुकडे, निऱ्यांचा एक, पदराचा वेगळा. जमिनीवर हिरव्या चिंध्यांचा पसारा झाला. काकू पाणी आणायला मागच्या अंगाला गेली.

"बाई."

सत्यभामानं वळून पाहिलं. छबुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती धोंडीरामाबरोबर त्याच जीपमधून आली होती आणि मघापासून मांडवाबाहेर बाभळीखाली एकटीच बसली होती. कुणी तिला सतरंजी दिली नव्हती, कुणी पाणी विचारलं नव्हतं. सत्यभामानं तिला लहानपणी मनात शंभर वेळा मारलं होतं. ती तेव्हा रंगेल, भरगच्च अंगाची, दात काढून हसणारी होती. दारातली बाई वाळून गेलेली होती, आणि तिचे हात कोपरापर्यंत राखेनं चिरलेले होते.

"काय पायजे?"

"आत येऊ का?"

"नगं."

छबुबाई उंबऱ्याबाहेरच बसली. काखेतली कापडी पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हिरवं इरकल होतं. सुती, लाल काठाचं, घडीवर घडी घातलेलं, कांजीही न मोडलेलं.

"निघायच्या आगुदर खोका उघडून बगितला म्या. म्हणलं त्यांना, ह्ये न्हाई चालत. म्हनले, मेलेल्या बाईला काय कळतंय. म्हणून ह्ये घिऊन आले."

"त्यानं घेतलेलं?"

"न्हाई. माझं हाय. राखेच्या विटा उचलते मी भट्टीवर. त्यातलं."

"आन तुमी असलं कोरं लुगडं कशाला घिऊन ठेवलं?"

छबुबाई काठावरून अंगठा फिरवत राहिली.

"मला कोन आननार? माझ्या माहेरानं तवाच माझ्या नावानं आंघोळ केली. लगीन त्यांनी लावलं न्हाई. मी मेले तर अहेव म्हणायची का रंडकी, ह्येच गावाला कळायचं न्हाई. म्हणलं आपलं आपणच घिऊन ठेवावं. पेटीत होतं."

या बाईनं स्वतःच्या मढ्यासाठी ठेवलेलं कापड. जिच्यापायी माय जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपत राहिली, तिच्या पेटीतलं.

"तुमच्या मढ्यावरचं माझ्या मायला घालू?"

"नगं घालू," छबुबाई म्हणाली. "मी आपलं आणलं."

ती उठली नाही. तिनं लुगडं उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं, हात मागे घेतला आणि तशीच बसून राहिली. मागच्या अंगाला घागरीत पाणी पडत होतं. बाहेर उत्तरेश्वर कुणाला तरी उशीर होतोय म्हणून सांगत होता. ऊन चढलं होतं आणि चादरीवर माश्या बसायला लागल्या होत्या. सत्यभामानं त्या हाकलल्या, पुन्हा बसल्या.

त्याच्या हातचं नको, एवढंच माय म्हणाली होती. हिच्या हातचं नको, असं म्हणाली नव्हती. बहुतेक तिच्या ते ध्यानातही आलं नसेल. कुणाच्या येणार?

काकू घागर घेऊन आली तेव्हा सत्यभामा इरकलाची घडी मोडत होती. काकूनं एकदा उंबऱ्याबाहेर पाहिलं, एकदा कापडाकडे. मग तिनं घागर खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. छबुबाई उठून परत बाभळीखाली जाऊन बसली.

दोघींनी मिळून मायला नेसवलं. सुती कापड जिथं ठेवावं तिथं बसत होतं. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. मग कुंकवासाठी नवऱ्याला आत बोलावलं. धोंडीराम वाकला आणि सगळ्यांना दिसेल असा हात लांबवून त्यानं कुंकू लावलं. त्याच्या मिशीवरचा काळा थेंब मायच्या गालावर पडला. त्याला तो दिसलाही नाही. सत्यभामानं पदरानं गाल पुसला.

"लुगडं बेस बसलं की," तो म्हणाला आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांकडे न बघता बाहेर गेला.

बायका आत आल्या, भिंतीला धरून बसल्या. या गावात एक रीत आहे. नेसवून झालं की थोरल्या बाईनं उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, आणि ज्याचं कापड त्यानं सांगायचं. मेलेली बाई कुणाच्या नावाचं कापड घेऊन चालली हे गावाला कळायला हवं, म्हणून.

कौशल्याकाकू उंबऱ्यात उभी राहिली.

"बायनाबाईला लुगडं कुणाकडचं?"

मांडवात धोंडीरामानं गमजा सारखा केला आणि घसा खाकरला.

"माहेरचं हाय," सत्यभामा आतून म्हणाली.

धोंडीरामाचं तोंड उघडं राहिलं. उत्तरेश्वर बहिणीकडे पाहायला लागला.

"माहेरी कोन हाय आता तिच्या?" एका म्हातारीनं विचारलं. "कुणी आलेलं दिसलं न्हाई."

"मावशी आलीय माझी. परळीहून."

बायनाबाईला बहीण नव्हती हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. परळीहून कोण आलंय हेही माहीत होतं. कुणीतरी हुंकारल्यासारखं केलं, एकीनं दुसरीला कोपर मारलं. काकूनं एकदा सत्यभामाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ती मागे वळली, बाभळीकडे.

"मंग तिकडं काय बसलीस गं? माहेरच्या माणसानं आसं लांब ऱ्हाऊ न्हाई. म्होरं ये."

छबुबाई आत आली. बायकांनी पाय आखडून घेतले, वाट दिली. ती मायच्या पायाशी बसली, आणि सकाळपासून न रडलेल्या त्या बाईनं एकाएकी सूर धरला. बाई मेली की नात्याची हाक मारूनच रडावं लागतं, अन् तिच्याजवळ इतका वेळ हाक नव्हती.

"आक्का गं! माझे आक्का!"

तिचा घामेजला खांदा सत्यभामाच्या दंडाला लागला. सत्यभामाच्या अंगावर शिसारी आली, अगदी मानेपर्यंत. तिनं तोंड फिरवलं, डोळे मिटले, आणि तिला नीट बसता यावं म्हणून थोडी बाजूला सरकली.