भरतीमुळे उशीर

आमची बोट जन्मली मक्याच्या शेतांच्या मुलखात. इंडियानात, ओहायो नदीच्या काठी, समुद्रापासून कित्येक मैल आत. तिचे पत्रे वेल्डिंगने जोडणाऱ्यांत मी एक होतो. पुढे नौदलात नाव घातलं, तर नेमणूक नेमकी तिच्यावरच झाली. म्हणून सगळे मला 'शिंपी' म्हणायचे. लाटांनी पत्रे कुरकुरले की कुणीतरी म्हणायचंच, "शिंप्या, तुझा टाका उसवतोय बघ."

रणगाडे वाहणाऱ्या त्या बोटींना नावं नसायची, नुसते नंबर. तळ सपाट. थेट वाळूवर चढायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि रणगाडे उतरवायचे. पण त्याच सपाट तळामुळे समुद्रात ती गाभण गाईसारखी डोलायची, आणि वेग म्हणाल तर सायकलवाल्याचा.

कॅप्टन लिंडक्विस्ट मूळचे नेब्रास्कातले भूमितीचे मास्तर. युद्धाआधी त्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता. त्यांचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नाही.

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीला, आमची तिसरी खेप होती. सकाळी ओहोटीत वाळूवर बसलो, रणगाडे उतरवले. परतताना जखमींना इंग्लंडला न्यायचं होतं. अकरा अँब्युलन्स एकामागून एक दारातून आत आल्या. चार जखमी घेऊन बारावी यायची होती. रस्ता उखडलाय, ती मागे अडकलीय, एवढाच निरोप आला.

दुपारी भरती चढली आणि बोट तरंगू लागली. भरती येताच ताफ्याबरोबर निघायचा हुकूम होता; शेजारच्या बोटी मागे सरकून निघाल्याही. आमच्यावरचे डॉक्टर ग्रीनलीफ कॅप्टनजवळ आले.

"साहेब, आत दोनशे माणसं आहेत. आता पाणी उतरायला लागेल. इथेच रुतलो तर उद्यापर्यंत विमानांसाठी ताटात वाढल्यासारखे बसू."

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. पेन्सिलीने कागदावर काहीतरी मांडलं.

"पंचवीस मिनिटं आहेत, डॉक्टर."

"आणि चौघांसाठी दोनशेंचा जीव टांगणीला?"

"हो," कॅप्टन म्हणाले. "तुमचं चुकत नाही. पण आपण थांबू."

एकोणिसाव्या मिनिटाला गाडी दिसली. ती पाण्याच्या कडेला येऊन थांबली, पुढे यायला वाट नव्हती. कुणी हुकूम दिला नाही. आम्ही सोळाजण उतरलो. पाणी छातीपर्यंत, आणि गारठा असा की श्वास अडकावा. चार स्ट्रेचर डोक्यावर धरून आणले. माझ्या स्ट्रेचरवरच्या माणसाच्या पोटाला पट्ट्या होत्या. तो सारखा म्हणत होता, "सावकाश रे बाबांनो, मला घाई नाही."

दार मिटलं. किनाऱ्याला लागताना मागे टाकलेल्या नांगराचा दोर यंत्राने खेचायला लागलो, इंजिनं उलटी फिरली. बोट हलेना. पुन्हा खेचलं. तळाखालची वाळू खरवडल्याचा आवाज आला आणि ती सुटली.

ताफा क्षितिजापलीकडे गेला होता. आम्ही एकटेच निघालो. उन्हं कलली होती, समुद्र तेलासारखा संथ. कॅप्टन सुकाणूपाशी उभे राहिले ते बंदर येईपर्यंत हलले नाहीत. वाटेत विमान आलं नाही, पाणबुडीही नाही. पोटात जखम असलेला माणूस मात्र इंग्लंडचा किनारा दिसायच्या आधी गेला. उरलेले तिघे जगले.

बोटीच्या नोंदवहीत कॅप्टननी लिहिलं: भरतीमुळे उशीर. वरच्यांना ते पटलं नाही. त्यांच्या नावावर ठपका बसला आणि बढती कायमची राहिली. डॉक्टर ग्रीनलीफनी चौकशीत सांगितलं, "मी असतो तर निघालो असतो. पण मी त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही." बोटीने त्यानंतर तीसेक खेपा केल्या. युद्ध संपल्यावर ती भंगारात गेली.

एकसष्ट साली मी नेब्रास्काला कॅप्टनना भेटायला गेलो. ते पुन्हा मास्तर झाले होते. अंगणात कॉफी घेत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, "ठपक्याचं वाईट वाटलं का हो?"

"ठपका बरोबरच होता, एमेट. हुकूम मोडला होता मी." मग कप खाली ठेवून म्हणाले, "त्या वाटेत गेलेल्या माणसाचं नाव मी कुणाला विचारलं नाही. सुरुवातीला धीर झाला नाही, नंतर उशीर झाला. ते मात्र लागून राहिलंय."

"ड्वेन ओकली," मी म्हणालो. "गळ्यातल्या चिठ्ठीवर वाचलं होतं मी."

त्यांनी ते नाव दोनदा हळू आवाजात उच्चारलं. मग उठून घरात गेले. जाळीच्या दारातून मला ते दिसत होते, टेबलाशी वाकून काहीतरी लिहिताना.