माळाचं वाण

सुशीलला कंपनीनं निवडलं ते त्याच्या डोक्यासाठी नाही, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या सुशीलला सोडून. पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या कुही तालुक्यातल्या सोनबोडीच्या माळावर, आणि सोनबोडी ही त्याची सासुरवाडी. सासूबाई जयवंताबाई गावच्या सरपंच, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. नागपुरात मिहानच्या गारेगार ऑफिसात मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ग्रामसभेचा ठराव आणलास तर विदर्भाचा प्रमुख तू. नाही आणलास तर बघू." या 'बघू'चा अर्थ विचारायचं धाडस सुशीलला झालं नाही. पण मनातून तो हरखलाही होता. 'जावई काय करतात?' असं कोणी विचारलं की सासरचे लोक 'काम्प्युटरचं काहीतरी' म्हणून विषय बदलत. आता या लोकांना एकदा दाखवायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मुहूर्तही त्यानं नेमका साधला. धोंड्याचा महिना चालू होता. हा अधिक महिना आला की जावयाला जेवायला बोलावतात, ओवाळतात, अनारशांचं वाण देतात, आणि त्यानं तोंड उघडून काही मागितलं तर सासरचं माणूस नाही म्हणत नाही. सुशीलनं ग्रामसभा आणि धोंड्याचं जेवण एकाच दिवशी ठेवायला लावलं.

"जेवाले चाललो का धंद्याले, ते एकदा ठरवा," बायको नूपुर गाडीत म्हणाली.

"दोन्ही होते एका खेपेत. पेट्रोल वाचते," सुशील म्हणाला. नूपुरनं खिडकीची काच वर केली.

समाजमंदिरात गाव जमलं होतं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. आत टेबलावर पवनचक्कीचं हातभर मॉडेल ठेवलेलं, आणि त्याची पाती भर्रकन फिरत होती.

"पाहा," सुशील म्हणाला, "वारा आपल्या दारात उभा हाय, आपण फक्त त्याले घरात घ्यायचं."

गावातले सगळ्यांत म्हातारे देवराव उठले, कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेले आणि त्याचं तोंड त्यांनी बायकांच्या बाजूला वळवलं. पाती थांबली. "बाया उकडून राहिल्या होत्या," देवराव म्हणाले आणि साळसूदपणे येऊन बसले.

सुशील डगमगला नाही. त्यानं लॅपटॉप लावला आणि भिंतीवर एकेक चित्र उमटू लागलं. कंपनी गावाला बसथांबा देणार, शाळा रंगवणार, स्थानिकांना रोजगार देणार, सेल्फी पॉइंट करणार. सोनबोडीत सेल्फीसाठी कोण थांबणार होतं देव जाणे. सगळ्यांत मोठा दागिना त्यानं शेवटी काढला, तो म्हणजे अधिवास पुनर्स्थापना. या नावाखाली कंपनी एवढंच करणार होती, की क्रेनला रस्ता पाहिजे म्हणून आधी माळावरचं गवत खरवडून काढायचं आणि मग तिथं गवत लावायचं. पण सुशीलच्या तोंडून ते असं काही निघालं, की पुण्यकर्मच वाटावं.

"हा माळ आज," तो म्हणाला. भिंतीवर एक उजाड खड्डा आला. खड्डा बुटीबोरीच्या कारखान्यांकडचा होता, पण ते सांगायची गरज त्याला वाटली नाही. "आणि हा दहा वर्षांनंतर, कंपनीच्या मेहनतीनं."

भिंतीवर कमरेएवढं सोनेरी गवत डोलू लागलं. वर तित्तिरांचा थवा. गवतात मधोमध एक म्हैस, डावं शिंग मोडकं.

मग मागून चंद्रभान चष्मा पुसत पुढं आला, अगदी भिंतीला नाक लागेपर्यंत.

"हे तं आमची म्हैस होय," तो म्हणाला.

आता सुशीललाही ती ओळखू आली. फोटो त्यानंच काढला होता, मागल्या दिवाळीला, सासरी आला असताना, याच माळावर. सुंदर आला म्हणून ऑफिसात पाठवला आणि विसरूनही गेला. डिझाइनवाल्या पोरींना काय, हिरवं-पिवळं काही मिळालं की झालं.

"दहा वर्षांनी बी शिंग मोडकंच राह्यते का गा?" देवरावांनी विचारलं. "मंग कंपनी येऊन करते काय?"

हसू फुटलं नाही, हेच वाईट होतं. जावई होता ना. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुष छताकडे पाहू लागले, आणि सुशीलचे कान तापले. साहेबांचं ते 'बघू' त्याला ऐकू येऊ लागलं. मग त्यानं लॅपटॉप मिटला आणि राखून ठेवलेलं पान टाकलं.

"मामी," तो सासूबाईंना म्हणाला, "धोंड्याचा महिना हाय. मले अंगठी नको, कपडे नको. जावई म्हणून मागून राहिलो. माळ द्या."

नूपुरनं कपाळावर हात मारला. जयवंताबाई लेकीकडे पाहत राहिल्या. नाही म्हणावं तर धोंड्याच्या महिन्यात जावयाला रिकाम्या हातानं परत पाठवलं, असं लेकीला जन्मभर ऐकावं लागणार. हो म्हणावं तर गावाची गुरं कुठं चरणार?

त्या उठल्या. "पाट मांडा," म्हणाल्या. जावयाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तांब्याच्या ताटात अनारसे, दिवा, आणि वर माळावरचं मूठभर वाळलं गवत ठेवून ताट त्याच्या हाती दिलं.

"घ्या, जावईबापू. सचिवभाऊ, ठराव लिहा. माळ राखाचं काम गावानं आमच्या जावयाले दिलं."

टाळ्या वाजल्या. सुशीलचे डोळे भरून आले. आपल्याला या घरानं कधी एवढं मानलं नव्हतं, असं त्याला खरंच वाटलं. ठरावावर सह्या झाल्या, अंगठे उमटले.

"आता मी हे कंपनीले..." त्यानं सुरुवात केली.

"अवं बाई," जयवंताबाई लेकीला म्हणाल्या, "त्यायले सांगितलं नाहीस का? धोंड्याचं वाण दुसऱ्याले देत नसतात, विकत नसतात. ज्याचं त्यानंच वापरावं लागते."

"पण कंपनी..."

"कंपनी कोणाचा जावई होय गा?" देवरावांनी शांतपणे विचारलं. आता मात्र गाव हसलं, पोटभर हसलं, आणि नूपुरही हसली.

साहेबांनी ठराव वाचला, पुन्हा वाचला, आणि मग त्यांनी 'बघू'चा अर्थ सुशीलला समजावून सांगितला.

पावसाळा सरता सरता सोनबोडीचा माळ कमरेएवढा झाला. या दिवसांत गवत कापणीला येईपर्यंत गुरं आत सोडत नाहीत, राखणदार बसतो. ठराव झालेला, सह्या झालेल्या. गाव जावयाला कशाला सोडतं? सुशील डोक्यावर टोपी घालून बांधावर बसला होता. चंद्रभानची म्हैस मोडकं शिंग पुढं करून आत घुसली, तसा तो उठला आणि हातातली काठी आपटत तिला बाहेर काढून आला. नूपुर डबा घेऊन उभी होती.

"तुमच्या कंपनीनं कबूल केलेलं सगळं झालं पाहा," ती म्हणाली. "गवत आलं, तित्तिर आले, एका स्थानिक माणसाले रोजगार बी भेटला."

"स्थानिक कोण?"

"जेवून घ्या," नूपुर म्हणाली. "म्हैस पुन्हा शिरून राहिली."