पाठमोरी गुंडी

आत्या आमच्या ऑफिसचा जिना चढून आली, धापा टाकत माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दाखव बाई काय दिवे लावलेत ते. आवडलं नाही तर तोंडावर सांगेन." जसं काही एरवी ती गोड बोलते!

धाकधूक होतीच, पण खोटं कशाला बोलू, आनंदही मावत नव्हता. गुंडी म्हणजे आत्याने काढलेलं अस्वलाचं पिल्लू, बापाचा ढगळ कोट घालून जगभर भटकणारं. तिचे चार कार्टून सिनेमे आले आणि पोरासोरांनी ते डोक्यावर घेतले. मीही त्यातलीच. तिच्यावर व्हिडिओ गेम बनवायची परवानगी मागायला येणाऱ्यांना आत्या दारातूनच वाटेला लावायची. मी सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून एवढं कबूल केलं, की आधी थोडा बनवा, मी खेळून बघते, मग काय ते सांगते. आणि तिचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज ती नाही म्हणाली असती तर आमची सगळी मेहनत पाण्यात.

ठोकळ्याने, म्हणजे आमच्या प्रोग्रामरने, तिच्या हातात कंट्रोलर दिला. पडदा उजळला. जंगलातली पायवाट, आणि तिच्यावर पाठमोरी उभी गुंडी. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"ही कोण?" आत्याने विचारलं.

"कोण म्हणजे? गुंडी!"

"गुंडीची पाठ मी कधी काढलेली नाही."

खरंच होतं तिचं. चारही सिनेमांत गुंडी दिसते ती समोरून, नाहीतर बाजूने. मागून कोट कसा असेल हे कुठेच सापडेना, म्हणून मी तो आपला मनानेच शिवून टाकला होता. आत्याला विचारलं असतं तर गाडी तिथेच अडली असती.

तिने कंट्रोलरची दांडी फिरवली. गुंडी वळली, आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. आत्याचा चेहरा काय खुलला म्हणता! "हां, ही माझी," म्हणाली आणि तिला तशीच आमच्या दिशेने चालवायला लागली. वाटेत ओढा होता. गुंडी धपकन ओढ्यात. बाहेर काढली, ती झाडावर आपटली.

"अगं आत्या, तिला तिकडे तोंड करू दे! पुढे काय आहे ते तुला दिसतंय तरी का?"

"ती दिसतेय ना मला. बास."

पुन्हा धपकन. ठोकळा दात काढायला लागला.

"कॅमेरा पुढे आणा," आत्या म्हणाली. "मला तिचं तोंड दिसलं पाहिजे. जमत असेल तर हो, नाहीतर नाही."

ठोकळ्याचं हसू जागच्या जागी विरलं. माझं डोकं सणकलं, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या घराला माहीत आहे.

"नाही जमत!" मी ओरडले. "तू समोर बसून तिला बघितलंस. आम्हीही खुर्चीत बसून बघितलं. सिनेमा संपला की मी भोकाड पसरायचे, ते का माहीत आहे? ती आम्हाला इथेच टाकून एकटी पुढे जायची म्हणून! मला तिच्याबरोबर जायचं होतं गं. तिच्या तोंडासमोर उभं राहून बरोबर कसं जायचं?"

संपलं, म्हटलं. मीच माझ्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

आत्याने चष्मा काढला, बाहीला पुसला, परत लावला. "कोट चुकलाय," ती म्हणाली.

"काय?"

"बापाचा कोट आहे तो. बसून बसून मागे चुरगळलेला असणार. तुझा मेला इस्त्रीचा. नीट कर."

आणि तिने गुंडीला वळवलं. पाठमोरी. एक पाऊल, दुसरं पाऊल, मग ओढ्यावरून उडी! ठोकळा "वाऽऽ" करून किंचाळला. आत्या खुर्चीच्या काठावर सरकली, तिचे खांदेसुद्धा गुंडीबरोबर डावी-उजवीकडे झुकायला लागले. वाट टेकडीवर चढत गेली. वर पोहोचायच्या आधी आत्या थांबली आणि माझ्याकडे वळली.

"पलीकडे काय आहे गं?"

चारही सिनेमांच्या गोष्टी तिनेच रचल्या होत्या. गुंडीच्या पुढ्यात काय आहे हे तिला आजवर कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

"सांगणार नाही," मी म्हणाले. "जा आणि बघ."

"तुझ्या लोकांना सांग, हो म्हणाली म्हणून. आणि आता मध्ये मध्ये बोलू नकोस," आत्या म्हणाली, आणि गुंडीच्या मागे धावत सुटली.