मासळीच्या झाकणाची परीक्षा

सुज्ञ वाचकहो, माझ्या कन्येच्या बारावीच्या परीक्षेत माझ्या हातून जे घडले, ते मी यथामती व काहीही न लपविता येथे कथन करणार आहे.

कन्या किशोरी हिने कामोठ्याच्या महाविद्यालयात ‘प्रॉडक्ट डिझाइन’ हा विषय घेतला होता. यात पाठांतर नसते. एखाद्याची अडचण जाणून तिच्या निवारणार्थ वस्तू घडवावयाची असते. यात उत्तीर्ण झाली तरच तिला पुढील शिक्षणास प्रवेश मिळणार होता. किशोरीने आपल्या मातेची निवड केली. माझी पत्नी जनी पनवेलच्या बाजारात मासळी विकते.

किशोरीने आईस विचारावयाचे बावीस प्रश्न लिहून काढले. मी सातवीपर्यंतच शिकलो. तथापि प्रश्न आला की उत्तर बरोबर यावे, एवढे जाणतो. सबब कन्या वर्गास गेली असता मी जनीची तयारी आरंभिली.

“माश्यांचा त्रास होतो का?”

“माश्या बाजारान असतानच. तरास कसला?”

“चूक! ‘अत्यंत होतो’ म्हणावे. टोपलीस झाकण हवे का?”

“आवं, झाकलेलं म्हावरं कोन घेल? गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं.”

“पुन्हा चूक!”

“मंग तुमीच बसा टोपलीवर!”

तरीही तीन दिवसांत बावीस उत्तरे तिला मुखोद्गत झाली. तिने ती किशोरीस तशीच सांगितली आणि त्यांवर विसंबून किशोरीने दोन महिने खपून पारदर्शक प्लास्टिकचे जाड झाकण घडविले.

परीक्षक हेप्झिबा मॅडम प्रत्यक्ष बाजारात आल्या. झाकणाखाली पापलेटे विराजमान होती. एक गृहस्थ थबकले.

“मावशी, कालचा माल झाकलाय वाटतं?” असे वदून ते शेजारच्या टोपलीकडे वळले.

जनीने झाकण उचलले, ओल्या फरशीवर पालथे घातले आणि त्यावर बसली.

“तुम्हीच तर झाकण अत्यावश्यक म्हणालात,” मॅडम किशोरीने लिहिलेली उत्तरे पाहत म्हणाल्या.

“ते यांनी पाठ करून घेतलेलं. तरास म्हनाल त पान्यान लुगरं भिजतं, त्याचा हाय. त्यो प्रश्न कागदावर नव्हता.”

“बाबा, उत्तरं तुमची होती?” किशोरीने विचारले. तिचे डोळे भरले होते.

मॅडमनी कृपावंत होऊन आठ दिवस दिले. किशोरी रोज सकाळी आईशेजारी बसली, काही न विचारता केवळ पाहत राहिली, आणि पाणी खालून वाहून जाईल असा, पाय असलेला बसावयाचा पाट तिने बनविला. मॅडम पुनश्च आल्या.

“यात काही दोष?”

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

“हाय की,” जनी म्हणाली. “उंच झालाय. गिऱ्हाईक आता डोल्याला डोला लावून भाव पारतं.”

कन्या नापास झाली, असे मी मनाशी धरले. मॅडमनी मात्र ते हसत लिहून घेतले आणि कन्येस त्या दोषाच्या नोंदीचेच सर्वाधिक गुण दिले. किशोरी उत्तीर्ण झाली. ही कोणती परीक्षापद्धती, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आपण वेळ खर्चून हे वाचलेत, याबद्दल मी काशिराम आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.