रुमालाखाली ठरलेलं घर

१९७४ साली सांगलीच्या बाजारात हळद चांगली पिवळीधमक आली होती. मित्रांनो, मी त्या बाजारातला एक जुना रुमाल आहे.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. मला विकत घेतलं नानासो दलालानं. हळदीचा सौदा तेव्हा तोंडानं होत नसे. घेणारा आणि दलाल हातात हात देत, वर मला टाकत आणि बोटं दाबून भाव ठरवत. आत काय ठरलं ते बाहेर सांगायचं नाही, हा बाजाराचा कायदा. मी तो बारा वर्षं पाळला. माझ्यावरच्या डागांचाही लोक मान ठेवत.

नानासोची थोरली बहीण हरणाबाई. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत पडला, तेव्हापासून ती लेकीला, बनूला, घेऊन आष्ट्याच्या माहेरघरी राहत होती. घर वडिलांनी नानासोच्या नावे केलं होतं. त्याला आता ते विकायचं होतं. गिऱ्हाईक आठ हजार द्यायला तयार होतं.

हरणाबाई म्हणाली, मीच घेते.

ती बँकेत गेली. साहेबांनी विचारलं, पगार कुठला, जामीन कोण, आणि बहीणभावातली खरेदी खरी कशावरून? नानासोचे शेठ धन्यकुमार कर्ज द्यायला तयार झाले, महिना शेकडा दोन व्याजानं. हरणाबाईनं तिथंच हिशेब केला. नुसते तीन हजार घेतले तरी महिन्याचे साठ रुपये व्याजच, आणि पेन्शन सत्तर. मुद्दल कधी फिटणार?

शेवटी नानासोनं शेठच्या पेढीवर सगळ्यांदेखत मला तिच्या हातावर टाकलं. सवयच ती. आत त्यानं तिची पाची बोटं धरली. पाच हजार. मग हमालांकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आक्काला घर असंच दिलं, गड्या. भनीकडनं काय पैसं घ्यायचं?"

हमालांनी माना डोलावल्या. मला मात्र माझीच लाज वाटली.

हरणाबाईनं मला उचलून बाजूला फेकलं. बाजारात असं कुणी कधी केलं नव्हतं.

"पाच हजार म्हणालास नाना. मोठ्यानं म्हण."

"आक्का, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. फुकट ऱ्हायलेल्या भनीला उद्या तुझी सून दार दावंल. इकत घेतलेल्या घरातनं मला कोण काढणार? दोन हजार माझ्या पाटल्यांचं. ऱ्हायलेलं तीन हजार म्हैन्याला पन्नास, पाच वर्सं. पेन्शन हाय, म्हशीचं दूध हाय. इस्टांपावर लिव्ह."

"आन् घर आठ हजाराचं हाय, त्याचं काय?"

"तीन हजार तू सोडलंस, ते बी लिव्ह. तुजं मोठंपण मी झाकत न्हाई. माजं देणं तू झाकू नगंस."

 शेवटी धन्यकुमारांनी स्वतःच दौत पुढं सरकवली, नानासोनं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून पहिली सही धन्यकुमारांनी केली. जाताना हरणाबाईनं मला जमिनीवरून उचललं, झटकलं आणि पिशवीत घातलं. नानासोनं मला परत मागितलं नाही.

तिनं एकही हप्ता चुकवला नाही. एकोणऐंशीत खरेदीखत तिच्या नावानं झालं. वारली तीही त्याच घरात. बनू शिक्षिका झाली; घर आता तिचं आहे. धन्यकुमारांची पेढी मुलांनी बंद केली. नानासो दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही, मग दर भाऊबीजेला येत राहिला, आणि म्हातारपणी सांगायचा, "घर आक्कानं इकत घेतलं. फुकट न्हाई."

मी बनूच्या ट्रंकेत आहे. मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. हवं तर माझ्यात भाकरी बांधा. पण आपल्याच माणसाकडून घर घ्याल, तर किंमत चारचौघांत बोला, कागदावर लिहा. पांघरूण घालायला मला बोलावू नका. मी येणार नाही.